मागच्याची चाल



वसंत व्याख्यानमालेत थंडीच्या गोष्टी सांगायला उभे राहणे हे थोडे विक्षिप्तपणाचेच आहे. दिवेलागण होऊन गेली तरी ओटे अजून तापलेले आहेत, पंख्यासमोरची जागा धरण्यासाठी मुलांची चढाओढ चाललेली आम्ही येताना पाहिली, आणि आम्ही सांगणार आहोत ते कानटोपीविषयी, सुन्न पडलेल्या बोटांविषयी आणि रस्त्याकडेच्या शेकोटीविषयी. ऐकून थोडा गारवा वाटला तर तेवढाच लाभ, असे समजून आपण ऐकून घ्यावे.

आरंभीच एक खुलासा केला पाहिजे. या भाषणात आम्ही 'आम्ही' म्हणणार आहोत ते मोठेपणासाठी नव्हे. आम्ही म्हणजे आम्ही दोघे, नवरा आणि बायको. तोंड एकाचे आहे, पण सायकली दोन होत्या. ही समोर बायकांच्या बाजूला बसली आहे. बोलणाऱ्याने पदरचे काही घातले तर तिने मान हलवायची, असे घरूनच ठरवून निघालो आहोत. तेव्हा आपले लक्ष आमच्या तोंडापेक्षा तिच्या मानेकडे असले तरी आमची हरकत नाही.

तीन वर्षांपूर्वी कार्तिकात, द्वादशीच्या सकाळी, आम्ही ढोकीहून निघालो आणि त्रिपुरी पौर्णिमेच्या संध्याकाळी पैठणला गोदावरीच्या घाटावर उतरलो. वाट कळंब, केज, नेकनूर, मांजरसुंबा, बीड, गेवराई आणि शहागड अशी. अंतर सुमारे 200 किलोमीटर. आता यात भाषण करण्यासारखे काय आहे, असे कोणी विचारील, आणि ते रास्तच आहे. 200 किलोमीटर साडेतेरा तासांच्या आत पुरे करायचे, अशा ब्रेव्हे नावाच्या फेऱ्या आज ठिकठिकाणी होतात. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन हे बंधू 2015 साली अमेरिका एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत ओलांडणारी शर्यत जोडीने पुरी करून आले. पुण्याची वेदांगी कुलकर्णी 2018 साली, ऐन विशीच्या उंबरठ्यावर, एकटी सायकलवरून पृथ्वीप्रदक्षिणा करून आली. त्यांच्यापुढे आमचे चार दिवसांचे रडतखडत जाणे म्हणजे काहीच नाही. साठीला टेकलेल्या दोन माणसांनी पराक्रम सांगू नये हेच बरे. आम्हांला सांगायचे आहे ते वेगाचे नाही. त्या वाटेवर आम्हांला चालीविषयी जे कळले ते सांगायचे आहे.

प्रथम पैठणच का, ते सांगतो. ढोकीच्या माणसाला तेर म्हणजे घरचे अंगण. गोरोबाकाकांच्या दर्शनाला आपण लहानपणापासून जातो. तिथल्या लामतुरे संग्रहालयातली हस्तिदंती बाहुलीही पुष्कळांनी पाहिली असेल. तशाच घडणीची एक मूर्ती इटलीत पाँपेई येथे सापडली, आणि पाँपेई तर इसवी सन 79 मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गडप झाले. म्हणजे त्या काळी आपल्या भागाचा माल समुद्रापार कुठवर जात होता ते पाहा. इजिप्तमध्ये राहणाऱ्या कोणा ग्रीक व्यापाऱ्याने पहिल्या शतकात आपल्या धंदेबंधूंसाठी एक वाटाड्या लिहून ठेवला आहे. 'पेरिप्लस' या नावाने तो ओळखला जातो. त्याला दक्षिणापथातली दोन शहरे महत्त्वाची वाटली. एक पैठण, भडोचहून वीस दिवसांच्या वाटेवर. दुसरे तगर, पैठणहून पूर्वेला आणखी दहा दिवसांवर. पैठणहून अकीक आणि तगरहून नाना तऱ्हेचे सुती कापड गाड्यांवर लादून, जिथे धड रस्ता नाही अशा मुलुखातून, भडोचच्या बंदराला नेत असत, असे तो सांगतो. हे तगर म्हणजे आपले तेर, ही ओळख फ्लीट या पंडिताने 1901 साली पटवून दिली.

हे वाचले तेव्हा आम्ही एक बाळबोध हिशेब मांडला. दहा दिवस आणि साधारण 200 किलोमीटर. म्हणजे दिवसाला वीस. लादलेल्या बैलगाडीची हीच चाल. ही चाल कोण ठरवीत असेल? तांड्याचा मालक नव्हे आणि सर्वांत धष्टपुष्ट बैलही नव्हे. ती ठरवीत असेल तांड्यातला सगळ्यांत थकलेला बैल. त्याला मागे टाकून पुढे जावे तर त्याच्या गाडीतले कापड कोण ओढणार? म्हणून सगळा तांडा त्याच्या पावलाने चालायचा. हा विचार त्या वेळी आम्हांला नुसता गंमतीचा वाटला. त्याचा खरा अर्थ पुढे केजच्या रस्त्यावर कळायचा होता.

तेव्हा ठरले, की तगरच्या कापडाने जी वाट तुडवली ती आपण दोन चाकांवर पाहू. आमच्या सायकली साध्या. हिची बिनदांड्याची. ही सायकल शिकली तीच पन्नाशीनंतर, शेजारच्या मुलीला शाळेतून मिळालेल्या सायकलीवर, दिवस उगवायच्या आत, कोणी पाहू नये म्हणून. तरी लोकांनी पाहिलेच. "या वयात हे काय?" असे विचारणाऱ्यांपैकी काही मंडळी आज समोर बसली आहेत, त्यांना आमचा नमस्कार.

नवरा-बायकोने सायकलवर दूर जाणे ही काही नवी टूम नव्हे. विल्यम आणि फॅनी वर्कमन हे अमेरिकन जोडपे 1897 च्या अखेरीस या बाजूला आले आणि पुढल्या दोन-तीन वर्षांत त्यांनी हिंदुस्थानचा मैदानी मुलूख सायकलवर पालथा घातला. त्यांचे त्या प्रवासावरचे पुस्तक 1904 साली निघाले. चौदा हजार मैल, हा आकडा त्याच्या नावातच आहे. कधी कधी एका दिवसात चाळीस पंक्चर काढण्याची पाळी त्यांच्यावर आली. बाभळीच्या काट्याला गोरा-काळा हा भेद कुठून ठाऊक असणार! पुढे हिमालयातल्या मोहिमांत या दोघांनी एक चांगला रिवाज पाडला. एका वर्षी मोहिमेची व्यवस्था एकाने पाहायची, दुसऱ्या वर्षी दुसऱ्याने. 1912 साली सियाचीनच्या परिसरात एकवीस हजार फुटांवर फॅनीबाई 'स्त्रियांना मत द्या' असा मथळा असलेले वर्तमानपत्र हातात उघडून धरून उभ्या राहिल्या, त्याचे छायाचित्र प्रसिद्ध आहे. पुढे कोण आणि मागे कोण, हा प्रश्न त्यांनी पाळीपाळीने सोडवला होता. आम्ही निघताना तो सोडवला नव्हता. तो प्रश्न आहे, हेच मुळी आमच्या ध्यानात आले नव्हते.

आता थंडीविषयी. आपला मुलूख पठारावरचा. कार्तिकात दुपारी ऊन चटका देते आणि पहाटे हाडे वाजतात. पण सायकलवाल्याचा खरा वैरी गारठ्यापेक्षा वारा. तो आपला वारा आपणच उत्पन्न करतो. हवा निश्चल असली तरी तुम्ही जितक्या वेगाने जाल तितक्या वेगाने ती अंगावर येते. वेग दुप्पट केला की तिचा अडथळा चौपट होतो. चढावर घाम येतो, आणि उतारावर तोच ओला सदरा अंगाला बर्फासारखा चिकटतो. यावर उपाय साधा आहे. चढ सुरू व्हायच्या आधी वरची गुंडी सोडावी आणि उतार लागायच्या आधी वर्तमानपत्राची घडी छातीशी सदऱ्याच्या आत सरकवावी. अग्रलेखाचा असा उपयोग संपादकांना रुचणार नाही, पण ऊब उत्तम राहते. थंडीत तहान जाणवत नाही, तरी पाणी पीत राहावे. आणि सर्वांत जपावे ते हातांना. पाय फिरत असतात म्हणून गरम राहतात. बोटे मूठ धरून स्थिर असतात, ती आधी गारठतात, आणि ब्रेक तर बोटांनीच दाबायचा असतो.

हे सगळे आम्हांला ठाऊक होते. हातमोजे मात्र एकच जोडी घेतली होती. ती कोणाच्या हातात होती, हे सांगायला नको. ही मान हलवीत नाही, त्या अर्थी ते खरे आहे.

पहिल्या दिवशी आम्ही कळंब गाठून मांजरा ओलांडली आणि मुक्कामाला केजला गेलो. दोन्ही बाजूंना शाळूचे हिरवे ताटवे, मधून करडई. सोयाबीन निघून गेलेली रिकामी रानेही दिसत. दिवस फार सुखाचा गेला. दुसऱ्या दिवशी, त्रयोदशीला, फटफटताच निघालो. वारा ईशान्येचा, म्हणजे आमच्या उजव्या अंगाने येणारा. हा बोलणारा पुढे होता. अंगात ऊब यावी म्हणून त्याने जोर मारला. ऊब आली म्हणून बरे वाटले, बरे वाटले म्हणून आणखी जोर मारला. नेकनूरच्या अलीकडे एका टपरीवर उतरून दोन चहा सांगितले. दोन्ही कप आले. एक संपला. दुसऱ्यावर साय धरली. तेव्हा कुठे मान वळवून मागे पाहिले. रस्ता मोकळा होता.

मोबाईल लावला, तर तो आमच्याच पिशवीत वाजू लागला. हिचाही फोन आम्हीच ठेवून घेतला होता.

तसेच उलटे निघालो. सहा-सात किलोमीटर होते. त्या वीस-पंचवीस मिनिटांत मनात काय काय आले ते या मंडपात सांगण्यासारखे नाही. अखेर रस्त्याच्या कडेला एक ट्रॅक्टर उभा दिसला, मागे दोन ट्रॉल्या, एका ट्रॉलीचे चाक काढलेले. संसार भरलेला होता: भांडी, सरपण, ताडपत्री, कोंबड्या, शेळी आणि पोरे. पलीकडे तुराट्यांची शेकोटी पेटली होती आणि तिच्याजवळ ही बसली होती. एका पंचविशीच्या बाईने हिचे दोन्ही हात आपल्या हातांत घेऊन चोळायला घेतले होते.

घडले होते ते एवढेच, की उतारावर हिची बोटे इतकी सुन्न झाली की ब्रेक दाबला जाईना. पाय टेकून कशीबशी थांबली, उतरून चालू लागली, आणि शेकोटी पाहून तिथे टेकली. लगेच आगीवर हात धरू लागली तेव्हा त्या बाईनेच अडवले. म्हणाली, "आदी काखेत धरा बाई, मग शेका. बधिर हाताला भाजल्यालं कळत न्हाई." वैद्यही हेच सांगेल. तिला ते फडातल्या पहाटेने शिकवले होते.

आम्ही पोचलो. ही काही बोलली नाही. त्या बाईनेच आमच्याकडे पाहून म्हटले, "दादा, जोडीनं निगालं की मागं बगावं लागतं."

ती मंडळी ऊसतोडीला निघालेली होती. त्या दिवसांत बीड जिल्ह्यातले रस्ते अशा वाहनांनी भरलेले असतात, हे आपणांस सांगायला नको. आपणही कारखान्याच्या गावचे लोक आहोत. काहीतरी बोलायचे म्हणून आम्ही टोळीतल्या एका म्हाताऱ्याला विचारले, "किती जण आहात?" तो म्हणाला, "अकरा कोयतं." आम्ही नजरेने मोजले तर मोठी माणसेच वीसच्या वर भरत होती. पण हिशेब बरोबर होता. ऊसतोडीत कोयता म्हणजे हत्यार नव्हे. कोयता म्हणजे जोडपे. नवरा-बायको मिळून एक. एकटा माणूस आला तर तो अर्धा कोयता. उचल द्यायची ती कोयत्याला, म्हणजे बहुधा नवऱ्याच्या हाती. मुकादमाच्या वहीत नाव चढते तेही बहुतकरून त्याचेच. दोघे ऊस तोडतात, मग त्याच्या मोळ्या बांधायच्या आणि डोक्यावर घेऊन गाडीत भरायच्या. दिवसाला दीड-दोन टन होतात ते दोघांचे मिळून. स्वयंपाक, पाणी आणि पोर ही कामे मात्र मिळून होत नाहीत; ती एकटीची.

आम्ही त्या बाईला विचारले, "दोघांतले एक आजारी पडले तर?"

ती म्हणाली, "खाडा. एक बसला की दोगांचा खाडा."

मंडळी, आम्ही आयुष्यभर जोडप्यांना आशीर्वाद देत आलो, 'एकजीव व्हा' म्हणून. दोन जीव एक धरल्यावर त्याचा हिशेब असाही होऊ शकतो, हे त्या शेकोटीपाशी कळले. दुखणे एकाचे, खाडा दोघांचा, आणि तो वळता व्हायचा उचलीतून. मग दुखणाऱ्याने दुखते असे म्हणायचे कसे? 2019 साली बीडमधल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चर्चा विधिमंडळापर्यंत गेली आणि सरकारला चौकशीसाठी समिती नेमावी लागली. वर्तमानपत्रात वाचले तेव्हा आम्हीही हळहळलो होतो, आणि पान उलटले होते. मासिक पाळीच्या दुखण्याने पडणारा खाडा नको, हेही एक कारण त्या वेळी पुढे आले होते. 2024 च्या जानेवारीत तोडणीच्या दरात 34 टक्के वाढ मान्य झाली ही चांगली गोष्ट आहे. पण दर वाढला तरी तो टनाचा आहे, आणि टन दोघांचा आहे. मागे पडणाऱ्यासाठी त्या हिशेबात रकानाच नाही.

दोन हजार वर्षांपूर्वीच्या तांड्यात थकलेल्या बैलासाठी सगळ्या गाड्या सावकाश हाकाव्या लागत, कारण बैल मालकाचा होता आणि मेला तर नुकसान मालकाचे होते. इथे नुकसान मालकाचे होत नाही. एवढाच फरक आहे, आणि तो फार मोठा आहे.

चाक बसले. ट्रॅक्टर गेला. त्या बाईचे नाव आम्ही विचारले नाही, याची रुखरुख आजही आहे. हातमोजे देऊ केले तर हसून म्हणाली, "कोयता धरायला ते काय कामाचं?" आणि ते हिच्याच हातात चढवून दिले.

तिथून पुढे आमच्या प्रवासाचा नेम बदलला. ज्याची चाल मंद त्याने पुढे राहायचे. मागच्याने त्याच्या चालीने यायचे. समोरून जोराचा वारा असला तर मात्र दणकट माणसाने पुढे होऊन आडोसा करायचा. पण तेव्हा घंटी मागच्याची. मागून दोनदा वाजली की पुढच्याने वेग कमी करायचा, कारण विचारायचे नाही. हा नेम पाळला तेव्हा एक नवल आम्ही अनुभवले. वाटले होते, आता फार वेळ लागणार. लागला नाही. पुढचा धावतो, मग थांबून वाट पाहतो, गारठतो, मागचा धापा टाकीत येऊन पोचतो, आणि विसावा न घेताच दोघे पुन्हा निघतात. त्या रीतीत जो वेळ जात होता तो सगळा वाचला. संध्याकाळी पाहिले तर आदल्या दिवशीइतकेच अंतर झाले होते, आणि थकवा निम्मा होता.

मांजरसुंब्याच्या आसपास कपिलधारला निघालेल्या दिंड्या भेटल्या. कार्तिकी पौर्णिमेला मन्मथस्वामींच्या समाधीला लोक दूरदूरच्या गावांहून पायी येतात. एका दिंडीत एका म्हातारीच्या पायात काटा मोडला होता. सगळी दिंडी उभी होती, टाळ वाजत होते, भजन थांबले नव्हते, आणि एक पोरगा सुईने काटा काढीत होता. काटा निघाला, म्हातारी उठली, तेव्हा दिंडी हलली. आदल्या दिवशी हे पाहिले असते तर 'काय भाविक लोक' असे म्हणून आम्ही पुढे गेलो असतो.

मग बालाघाटाचा उतार उतरून बीड. तिसऱ्या दिवशी सिंदफणा ओलांडून गेवराई. चौथ्या दिवशी शहागडच्या पुलावरून गोदावरी पार केली आणि उत्तरेच्या काठाने पैठणकडे वळलो. संध्याकाळी पोचलो तेव्हा घाटावर त्रिपुराचे दिवे लागत होते आणि समोर पौर्णिमेचा चंद्र वर येत होता. पैठणच्या वरच्या अंगाला नाथसागर पसरलेला आहे. 1965 साली लालबहादूर शास्त्रींनी त्या धरणाची कोनशिला बसवली आणि 1976 साली इंदिरा गांधींनी उद्घाटन केले. धरणाच्या पाण्याने मराठवाड्यातल्या पुष्कळ रानांत ऊस उभा केला. तो ऊस तोडणारी माणसे मात्र कोरडवाहू रानांतून येतात, आणि आम्ही ज्या रस्त्याने आलो त्याच रस्त्याने जातात. घाटावर पाण्यात हात घातले. पाणी गार होते, पण बोटे शाबूत होती. हिने दोन दिवे सोडले. एक कोणाचा ते आम्ही विचारले नाही.

परत आलो ते सायकली एका टेंपोत टाकून. साठीत तेवढी मुभा असावी.

आता समारोप करतो. आपण सर्वांनी सायकली घेऊन पैठणला जावे असा आमचा आग्रह नाही. मागणे लहानच आहे. पुढच्या कार्तिकात ढोकीच्या चौकातून तोडकऱ्यांच्या ट्रॉल्या जाऊ लागतील. पहाटेच्या थंडीत एखादी ट्रॉली आपल्या दाराशी थांबली, तर शेकोटीला दोन लाकडे आणि पोरांना ऊन पाणी तर द्याच. पण त्यांना विचाराल तेव्हा 'किती कोयते' असे विचारू नका. 'किती माणसे' असे विचारा. आणि त्यातल्या बाईचे नाव विचारा, जे आम्ही विचारले नाही. वहीत तिचे नाव वेगळे यायला, तिच्या आजाराचा दिवस तिचा म्हणून धरला जायला कायदा लागेल, संघटना लागेल, वेळही लागेल. नाव विचारायला काही लागत नाही. सुरुवात तिथून व्हावी.

आम्हां दोघांपुरते सांगायचे तर आता कुठेही निघालो, बाजाराला का असेना, तरी ही पुढे असते. आज मात्र बोलायला आम्ही पुढे झालो. मघापासून दोनदा घंटी वाजल्याचा भास होतो आहे, तेव्हा थांबलेच पाहिजे.